राउटर बंद-चालू करणे हा इलाज नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नेटवर्कचे उपकरण काही दिवसांनी मंदावले की ते बंद करून पुन्हा चालू करावे, हा सल्ला आता इतका रुळला आहे की मंदावण्याचे कारण शोधावे असे कोणालाच वाटत नाही. कारणे अनेक असू शकतात. त्यांपैकी ड्रायव्हरमधील (हार्डवेअर चालवणाऱ्या प्रोग्राममधील) मेमरी लीक, म्हणजे वापरून झालेली मेमरी परत न करण्याची चूक, हे निश्चितपणे दुरुस्त करता येण्याजोगे आहे. साधा प्रोग्राम बंद झाला की त्याने अडवलेली मेमरी ऑपरेटिंग सिस्टीम परत घेते. ड्रायव्हर मात्र कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, चालत असल्याने त्याच्याकडून मोकळा करायचा राहिलेला बफर (माहिती तात्पुरती ठेवण्याची मेमरीतील जागा) उपकरण रीस्टार्ट होईपर्यंत अडकूनच राहतो.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये कर्नल पॅकेट (नेटवर्कवरून पाठवायचा माहितीचा तुकडा) ड्रायव्हरच्या स्वाधीन करतो, तेव्हा ड्रायव्हरने ‘ओके’ उत्तर दिले तर बफरची जबाबदारी त्याची आणि ‘बिझी’ म्हटले तर ती कर्नलचीच. डीएमए मॅपिंग (हार्डवेअरला बफर थेट वाचता यावा म्हणून करायची जोडणी) फसल्यावर ड्रायव्हरने पॅकेट सोडून दिले, ‘ओके’ही म्हटले, पण बफर मोकळा केला नाही, तर त्या बफरला कोणी वालीच उरत नाही. दुरुस्ती एका ओळीची आहे: बफर मोकळा करण्याची. पण हीच ओळ ‘बिझी’च्या वाटेवर पडली, तर मोकळ्या केलेल्या मेमरीला कर्नल पुन्हा हात घालतो आणि गळती परवडली असे म्हणण्याची वेळ येते. त्यामुळे पॅच (दुरुस्तीचा बदल) तपासणाऱ्याने ओळ कोणती यापेक्षा ती कोठे घातली आहे हे आधी पाहावे.

अशा चुका बहुधा अपयशाच्या वाटेवर असतात आणि चाचणी मात्र सगळे सुरळीत चालते त्याच वाटेची होते. २००९ मध्ये लिनक्सच्या २.६.३१ आवृत्तीत आलेले ‘केमेमलीक’ हे गळती शोधणारे साधन दर १० मिनिटांनी मेमरी धुंडाळून बेवारस बफर दाखवते. तरीही जी गळती चाचणीत घडलीच नाही, ती त्याला कशी दिसणार? मेमरीची मागणी मुद्दाम फसवणारी ‘फेलस्लॅब’ची सोय कर्नलमध्येच आहे. ती वापरण्याचा कंटाळा मला तरी अनाकलनीय वाटतो.

दुरुस्ती मूळ कर्नलमध्ये झाली, तरी जुन्या फर्मवेअरवर (उत्पादकाने उपकरणात भरलेल्या सॉफ्टवेअरवर) चालणाऱ्या उपकरणाला तिचा उपयोग नाही. उत्पादकांनी कर्नलच्या स्थिर आवृत्त्यांतील असे पॅच आपल्या फर्मवेअरमध्ये नियमितपणे घ्यावेत आणि कोणते उपकरण किती वर्षे ते मिळवत राहील, हे विक्रीच्या वेळीच खोक्यावर छापावे.

आपला विश्वासू,
एक प्रोग्रामर वाचक