सातशेतली एक

पुणे,
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

चि. बंड्या यास अनेक आशीर्वाद.

तू सांगितल्याप्रमाणे काल बाणेरला जाऊन तुला घ्यायची असलेली ती महिंद्रा थार बघून आलो. फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, मी तुला बोलू देत नाही, मग तुझी आई मधे पडते आणि गाडी राहते बाजूला. म्हणून कागद घेतला.

आधी गाडीचं सांगतो. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये, कोपऱ्यात, कव्हर घालून ठेवलेली. मालक मुलगा सज्जन आहे. कव्हर असं काढलं की जणू आत तान्हं मूल झोपलंय. मी सवयीने खाली वाकलो, चेसी बघायला, तर म्हणतो, "काका, बिल्ला इकडे आहे." आनंद महिंद्रांच्या सहीचा बिल्ला त्याने मला तीन वेळा दाखवला. ऑइल शेवटचं कधी बदललं ते त्याला आठवत नव्हतं.

काटा ४,१०० किलोमीटर. सहा वर्षांत. म्हणजे महिन्याला पंचावन्न. स्वारगेटहून सासवडला जाऊन परत आलं की महिन्याचा कोटा संपला. त्याला याचा फार अभिमान. मला टायर दिसले. टायरच्या कडेला चार आकडी शिक्का असतो ना, तो वाचला: १८१९. पेशवाई बुडाल्याच्या पुढच्या वर्षीचे नव्हेत, २०१९च्या अठराव्या आठवड्यातले. नक्षी नव्यासारखी, पण कडेच्या रबराला केसासारख्या बारीक भेगा, आणि एकाच जागी उभं राहून खालून चपटे झालेले. बॅटरीने मान टाकलेली, शेजारच्या गाडीवरून जंप देऊन चालू केली. बॉनेटखाली एका वायरीला इन्सुलेशन टेप गुंडाळलेली दिसली. विचारलं, तर म्हणे उंदीर. कापडी हूड उलगडला तेव्हा घड्यांत बुरशीचा वास, पावसाळ्यात माळ्यावर राहिलेल्या छत्रीसारखा.

आता चांगलं. रुमालात लोहचुंबक गुंडाळून चारही मडगार्डांवरून, दारांवरून फिरवलं. कुठेही सुटलं नाही. म्हणजे पोचे बुजवायची लांबी कुठे भरलेली नाही, पत्रा सगळा मूळचा. रंग कंपनीचा. आरसी बुकावरचा आणि चेसीवर ठोकलेला नंबर एकच. एका मालकाची, कर्ज नाही. गाडी खोटी नाही. तो मागतोय ती किंमत मला पटली नाही, एवढंच.

त्याच सालची साधी थार मला माझ्या ओळखीत जेवढ्याला मिळेल, त्यावर हा तीन लाख जास्त मागतो. कशाचे? तर २०१९मध्ये जुनी थार बंद करताना कंपनीने शेवटच्या सातशे गाड्या वेगळ्या काढल्या, त्यातली ही एक. आनंद महिंद्रांच्या सहीचा बिल्ला, बाजूला आणि बॉनेटवर पट्टे, वेगळी अलॉय व्हील, सीटवर नाव. इंजिन? तेच अडीच लिटरचं डिझेल. गिअरबॉक्स तोच, मागचे स्प्रिंगचे पाटेही तेच. उद्या इंजिन उतरवायची वेळ आली तर मेकॅनिकला कळणारसुद्धा नाही की ही सातशेतली आहे का सत्तर हजारांतली.

तू म्हणतोस, "बाबा, ही इन्व्हेस्टमेंट आहे." हा शब्द ऐकला की मला आपली ती मरून रंगाची गाडी आठवते. तुला अंधुक आठवत असेल, तू तिच्यात मागच्या सीटवर उलटी केली होतीस. तीसुद्धा "स्पेशल एडिशन" होती. कंपनीचं नाव घेत नाही, पण शोरूममधल्या माणसाने "फक्त पाचशे" हे शब्द असे उच्चारले की मी, पंधरा वर्षं हात काळे केलेला माणूस, अठरा हजार जास्त देऊन आलो. त्या काळचे अठरा हजार! मिळालं काय, तर सोनेरी स्टिकर, लाकडासारखा दिसणारा प्लॅस्टिकचा डॅशबोर्ड आणि दारावर एक चकचकीत पट्टी. दोन उन्हाळ्यांत स्टिकरच्या कडा उचलल्या. शेवटी आईचा हेअर ड्रायर मारून, मासे धरायच्या नायलॉनच्या दोऱ्याने पट्टी कापून काढली. पट्टी निघाली, पण तिच्याखालचा रंग ताजा राहिलेला आणि आजूबाजूचा उडालेला. त्यामुळे "लिमिटेड" ही अक्षरं दारावर गाडी विकेपर्यंत दिसत राहिली. विकताना घेणाऱ्याने विचारलं, "हे काय खरडलंय?" आणि त्याचे पाचशे कमी दिले.

पण सगळं थोतांड आहे असं मी म्हणत नाही. तसं म्हटलं तर तू मला त्या पोर्शेची आठवण करून देशील, म्हणून मीच देतो. १९७२-७३ची ९११ कॅरेरा आरएस २.७. शर्यतीच्या नियमाप्रमाणे तिथे उतरायचं तर तशा पाचशे गाड्या रस्त्यावर विकलेल्या असायला हव्या होत्या. म्हणून त्यांनी पातळ पत्रा वापरला, काच पातळ केली, इंजिन मोठं केलं आणि मागे बदकाच्या शेपटीसारखी वर वळलेली कड लावली, तीही वेगात मागचा भाग उचलला जाऊ नये म्हणून. पाचशे खपतील का याचीच धास्ती होती, झाल्या १,५८०. मर्यादा ओलांडून तिप्पट झाल्या, तरी आज तिला सोन्याचा भाव आहे. कारण आकड्याच्या मागे काम होतं. आकडा काढून टाक, गाडी वेगळीच उरते. बाणेरच्या गाडीवरचा बिल्ला काढून टाक, काय उरतं? थार उरते. चांगली गाडी आहे, मी कधी नाही म्हटलं?

आणि "शेवटची" या शब्दाला तर फारच जपून राहा. १९७६मध्ये अमेरिकेत कॅडिलॅकने एल्डोराडोची कापडी छताची गाडी शेवटची म्हणून विकली. अगदी शेवटच्या दोनशे पांढऱ्याशुभ्र, सगळ्या एकसारख्या. लोकांनी छापील किमतीच्या कितीतरी वर पैसे मोजून घेतल्या, गॅरेजात कव्हर घालून ठेवल्या, थेट बाणेरसारख्या. आठ वर्षांनी, १९८४च्या मॉडेलमध्ये, कंपनीने कापडी छत परत आणलं. तेव्हा त्या लोकांनी कोर्टात धाव घेतली. मला हसू येतं ते याचं, की गाडी घेतली कंपनीकडून आणि भांडण, कंपनीने गाडी बनवली म्हणून!

जॅग्वारने तर वेगळीच गंमत केली. १९६३-६४मध्ये ॲल्युमिनियमच्या हलक्या ई-टाइपसाठी अठरा नंबर राखून ठेवले होते, गाड्या झाल्या बाराच. मग २०१४मध्ये, पन्नास वर्षांनी, राहिलेले सहा नंबर काढून त्यांच्या गाड्या बनवायला घेतल्या. हाताने, जुन्या पद्धतीने, उत्तमच असणार. पण ज्याने बारातली एक म्हणून पैसे मोजले असतील, त्याने रात्री काय हिशोब केला असेल सांग.

तू स्वतः २०१८मध्ये लॅपटॉप उघडून बसला होतास ते आठव. एनफिल्डची पेगॅसस मोटरसायकल, भारताला २५०, आणि १७८ सेकंदांत संपल्या. तुझं पान लोड होईपर्यंत खेळ खलास. दोन दिवस जेवला नव्हतास नीट. महिन्याभरानंतर तशाच लष्करी धाटणीची सिग्नल्स ३५० आली, स्वस्त आणि वर एबीएससकट. तेव्हा तुझी आई म्हणाली होती, "देवाने वाचवलं." तो देव नव्हता, आपलं इंटरनेट होतं.

टंचाई काय असते ते आमच्या पिढीने पाहिलंय. तुझ्या आजोबांनी स्कूटरचा नंबर लावला तेव्हा मी सातवीत होतो, स्कूटर घरी आली तेव्हा कॉलेजात. परवान्याचं राज्य होतं, कारखान्याने किती बनवायच्या हे सरकार ठरवायचं. चावी हातात पडायच्या आधीच पेठेतला एक व्यापारी घरी आला होता, ऑन, म्हणजे किमतीच्या वर जास्तीचे पैसे, देतो म्हणाला. आकडा ऐकून आजी चहा टाकायला उठली, आजोबा नाही म्हणाले. नंतर परवाने गेले, शोरूममध्ये स्कूटरी रांगेत उभ्या राहिल्या आणि ऑन हा शब्द फ्लॅटपुरता उरला. स्कूटर तीच, पत्रा तोच. ऑन स्कूटरचं नव्हतंच, रांगेचं होतं.

म्हणून मला विचारशील तर जास्तीचे पैसे द्यावेत ते मूळ पत्र्याला, पहिल्या दिवसापासूनच्या बिलांच्या फाइलला, एका हातात राहिलेल्या गाडीला. आणि यातलं पहिलं नि शेवटचं या गाडीत आहे, म्हणूनच मी तडक नाही म्हणत नाहीये. माझ्या हिशोबाने साध्या गाडीपेक्षा तीस-चाळीस हजार वर दे. त्यातून पाच टायर, बॅटरी, नवा हूड आणि ब्रेकचं काम वजा कर. बसून राहिलेल्या गाडीचे ब्रेक उघडल्याशिवाय मी तिला घाटात घालणार नाही. हे त्याला सांगितलं तर त्याचा चेहरा पडला. पण त्याचाही दोष नाही, त्यानेही कुणाला तरी जास्तीचे दिलेले आहेत.

राहता राहिली तुझी "क्लासिक" होण्याची गोष्ट. २०२१च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपात असलेली गाडीच व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, तिला पाटीवर व्हीए अक्षरं मिळतात आणि मग ती रोज वापरायची नाही. ही २०१९ची. म्हणजे २०६९. तू तेव्हा पंचाहत्तरीचा असशील. त्याआधी २०३४मध्ये पंधरा वर्षं भरतील, मग दर पाच वर्षांनी संगम पुलाजवळच्या आरटीओत पासिंगला उभं राहायचं. एवढी वर्षं बेसमेंटच्या कोपऱ्याचं भाडं, विमा, उंदीर. तीन लाख बँकेत ठेवले तर निदान त्यांना उंदीर लागत नाहीत.

आणि खरं सांगू? मला राग किमतीचा नाही आला. जीप बेसमेंटमध्ये बघून आला. मी खडकीच्या लिलावातून लष्कराची डिस्पोजलची जीप घेतली होती तेव्हा तुझी आई सहा महिने बोलली नव्हती. त्या जीपला ना हूड धड होता, ना हँडब्रेक. आम्ही तिच्यातून पानशेतला गेलो, ताम्हिणीत धुक्यात अडकलो, एकदा पौडजवळ रेडिएटरमध्ये उसाचा रस ओतायची वेळ आली होती, शेवटी विहीर सापडली. काट्यावर किती किलोमीटर होते माहीत नाही, काटाच बंद होता. तू सातशेतली एक घेतलीस की प्रत्येक किलोमीटरला तिची किंमत घटणार आणि तू काट्याकडे बघत बसणार. सिंहगडाच्या पायथ्याशी गाडी लावून वर पायी जाशील तू.

तेव्हा घ्यायचीच असेल तर मी सांगितलेल्या आकड्यात घे आणि घेतल्यावर पहिल्याच रविवारी पाबे घाटातून वेल्ह्याला काढ. मी मागच्या आडव्या बाकावर बसेन, आई पुढे बसणार हे तिने आताच जाहीर केलंय. तो आकडा त्याला मान्य नसेल तर माझ्या ओळखीत २०१७ची एक आहे, सत्तर हजार चाललेली, कोकणातून नुकतीच आलेली, चाकांना अजून लाल माती आहे. तिच्यावर कुणाचीही सही नाही. उद्या सकाळी ती लिफ्टवर घेतोय, खालून फोटो पाठवतो.

तुझा,
बाबा

ता.क. फराळाचा डबा कुरिअरने निघाला आहे. चकल्यांच्या खाली कागदात माझं लोहचुंबक आहे, हैदराबादला एखादी गाडी बघायला गेलास तर बरोबर ने. रुमाल पातळ घे, आणि आधी चकल्या काढ.