दूध पिवळं पडलं की औषधच पिवळं होतं?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार,

दुधातल्या भेसळीच्या बातम्या तुमच्या पेपरात नेहमी येतात, चांगलंच आहे, पण पिशवीतलं दूध प्लांटवर नीट पाश्चराइज झालंय का (म्हणजे जंतू मरतील इतकं तापवलंय का) हे ज्या टेस्टवर ठरतं तिच्याबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. मी जत भागात डेअरी लॅबचं काम करतो.

कच्च्या दुधात अल्कलाइन फॉस्फटेज नावाचं एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) मुळातच असतं. दूध 72 अंशाला 15 सेकंद नाहीतर 63 अंशाला अर्धा तास धरलं की ते निकामी होतं, आणि उष्णतेला ते टीबीच्या जंतूपेक्षा जरा चिवट असतं, म्हणजे एन्झाइम गेलं तर टीबीचे जंतूही गेले असं धरतात. ते गेलंय का हे बघायला जे औषध वापरतात त्याचं नाव पॅरा-नायट्रोफिनाइल फॉस्फेट. पांढरी पावडर, पाण्यात लगेच विरघळते, कार्बोनेट-बायकार्बोनेटच्या बफरमध्ये (अल्कलाइन म्हणजे ॲसिडच्या उलट गुणाच्या द्रावणात) पाण्यासारखी रंगहीन दिसते. 5 मिली औषधात 1 मिली दूध घालून 37 अंशाच्या वॉटर बाथमध्ये 2 तास ठेवायचं, एन्झाइम जिवंत असेल तर ते फॉस्फेट तोडतं आणि पॅरा-नायट्रोफिनॉल सुटून ट्यूब पिवळी होते. 1949 पासूनची पद्धत आहे, स्वस्त आणि चांगली.

अडचण अशी की हे औषध उजेडात, उष्णतेत, ओलीत आपोआपही तुटतं. आमच्याकडे एप्रिल-मे मध्ये ऊन काय असतं ते सांगायला नको, त्यात लाइट गेली की फ्रीज बंद, आणि बाटली साध्या पांढऱ्या काचेची, खिडकीत ठेवलेली. दुपारपर्यंत औषध स्वतःच पिवळसर. मग चांगल्या दुधाला नापास करतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे "हे तर रोजच पिवळं दिसतं" म्हणून कच्चं राहिलेलं दूधही पास करून टाकतात. म्हणून प्रत्येक वेळी उकळलेल्या दुधाची एक ट्यूब सोबत लावलीच पाहिजे, ती पिवळी झाली तर औषध फेकायचं. आणि उकळलेल्या दुधात थेंबभर कच्चं दूध घालून दुसरी ट्यूब, ती पिवळी नाही झाली तर औषधात दम नाही. या दोन ट्यूबना किती खर्च येतो हो?

दुसरं म्हणजे पिपेट, म्हणजे द्रव मोजून घ्यायची काचेची नळी, तोंडाने ओढणं. एका छोट्या प्लांटवर नवीन पोरगं सरळ तोंड लावून औषध ओढत होतं, हातात ग्लोव्ह्ज नाही, डोळ्याला चष्मा नाही, शेजारी चहाचा कप. पावडर फार जहाल नाही हे खरं, पण त्यातून सुटणारं नायट्रोफिनॉल पोटात गेलं, श्वासातून गेलं किंवा कातडीतून मुरलं तरी अपायकारक आहे, आणि बफर अल्कलाइन असल्याने डोळ्यात उडालं तर आग होते. वर थुंकीतही फॉस्फटेज असतं, म्हणजे पोराच्या जिवाला धोका आहेच आणि रिझल्टही चुकतो. पिपेटला लावून ओढायचा रबरी बल्ब आणून द्या की त्याला.

वापरलेल्या ट्यूब धुऊन पाणी गटारात सोडतात तेही बंद व्हायला हवं. काहीजण ॲसिड टाकतात, पिवळा रंग जातो आणि वाटतं झालं काम. रंग फक्त अल्कलाइनमध्ये दिसतो साहेब, ॲसिडमध्ये तो नाहीसा होतो पण नायट्रोफिनॉल आहे तसंच राहतं. ते वेगळ्या कॅनमध्ये साठवून घातक कचरा नेणाऱ्यांकडेच द्यायला हवं.

माझी मागणी एवढीच, की अन्न व औषध प्रशासनाचे साहेब तपासणीला येतात तेव्हा रजिस्टर चाळण्याआधी लॅबचा फ्रीज उघडून बघावा, बाटली गडद काचेची आहे का, तिच्यावर औषध बनवल्याची तारीख आहे का, आणि त्या दिवशीच्या उकळलेल्या दुधाची ट्यूब दाखवा म्हणावं.

आपला,
एक डेअरी केमिस्ट, जत, जि. सांगली