आई-बाबा, कुकर गुरुवारी पोचतोय

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवरच बोलणार होतो, पण फोनवर काय होतं ते आपल्याला तिघांनाही माहितीये, आई "हो रे हो" म्हणत राहते, बाबा मागून "काय म्हणतोय तो?" विचारतात आणि मुद्द्याचं राहून जातं. म्हणून सगळं लिहूनच पाठवतोय. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या अक्षरात प्रिंट काढा आणि फ्रीजवर लावा.

तर, माझा इलेक्ट्रिक कुकर मामेभावाच्या गाडीतून गुरुवारी तुमच्याकडे येतोय. विचारलं नाही, सरळ पाठवलाय. नवा नाहीये, मी ज्याच्यावर शिकलो तोच आहे, त्यामुळे "दुकानात परत कर" म्हणायची सोय नाही. नवा घेतला असता तर आईने खोकं न फोडता माळ्यावर टाकलं असतं, कुणाच्या तरी वास्तुशांतीला द्यायला होईल म्हणून. सँडविच टोस्टरचं काय झालं ते विसरलो नाहीये मी.

आई, आधी तू रागावू नकोस. तुझ्या हातचं नको म्हणून हे चाललेलं नाही. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टर तुला चालायला लावणार आहेत, पण ओट्यापाशी तासभर उभं राहायला नाही, आणि तू "जरा वरण टाकते" म्हणून उठलीस की पूर्ण ओटा पुसूनच परत येतेस. ऑपरेशनच्या आठवड्यात मी आहेच, रजा मंजूर झालीये. त्याच्यापुढे मात्र हिच्या शिफ्ट आहेत, छोटीची परीक्षा आहे, माझ्या ऑफिसनेही आता घरून काम बंद करत आणलंय. तुम्हाला इकडे पुण्याला या म्हटलं तर तुम्ही येणार नाही, आणि बरोबरच आहे, मी तुमच्या जागी असतो तर नाशिकचा आपला जेलरोड सोडून या चौथ्या मजल्यावर आलो नसतो. डबा लावायचाही विचार केला होता पण बाबांच्या बीपीला बाहेरचं मीठ नको. ताईशीही बोललोय, म्हणजे हे माझ्या एकट्याच्या डोक्यातलं खूळ नाही. पोळ्यांना मावशी सकाळी येतील, भाजीही त्याच टाकून जातील. राहिलं वरण-भात, खिचडी, उसळ. ते बाबा करणार.

हो बाबा, तुम्हीच.

हसू नका. मला तरी काय येत होतं? आपण दोघंही ताटावर बसून "मीठ कमी आहे" म्हणणारे. पण तुमची उभी नोकरी सरकारी प्रेसमध्ये गेली, एक कागद कमी-जास्त झाला तर घरी न सोडणाऱ्या ठिकाणी, आणि या कुकरला नेमकी तीच शिस्त लागते, वाटी मोजा, मिनिटं लावा, हात लावू नका. अंदाजपंचे चालत नाही त्याला. आईला म्हणूनच तो आवडणार नाही बहुतेक.

गॅसवरचा नको म्हणतोय त्यात वेगळं काही नाही. हॉलमध्ये टीव्ही चालू असतो, बाहेर बिटको चौकापर्यंत गाड्यांची रांग, आत शिट्टी किती झाल्या ते कुणालाच कळणार नाही. दिवाळीत झालं ते कुणाच्याही घरी होतं, मी तो विषय काढत नाहीये. या कुकरला मोजायला शिट्टीच नाही. वेळ झाली की स्वतःच बंद होतो, टुंग करून आवाज देतो, तो नाही ऐकला तरी काही बिघडत नाही, जेवण गरम ठेवत गप बसून राहतो. तुम्ही खुशाल मुक्तिधामच्या देवळात जाऊन या.

बाबा, तुम्हाला "का" कळल्याशिवाय पटत नाही म्हणून सांगतो. आपलं नाशिक जवळजवळ 600 मीटर उंचावर, त्यामुळे उघड्या पातेल्यात पाणी 98 डिग्रीच्या आसपासच उकळतं आणि तूरडाळ रटरट करत बसते. गॅसवरच्या कुकरमध्ये दाब साधारण 15 पीएसआय, आत 120 डिग्री. या इलेक्ट्रिकमध्ये दाब 10 ते 12, म्हणजे 115-117 डिग्री, म्हणून थोडी जास्त मिनिटं लागतात. शिवाय लावलेली मिनिटं प्रेशर धरल्यावर मोजायला सुरुवात होते, त्याआधीची दहा-बारा मिनिटं स्क्रीनवर काहीच हलत नाही, तेव्हा बिघडलाय म्हणून प्लग काढू नका. वाफ शिट्टीतून वाया जात नाही, त्यामुळे पाणीही कमी लागतं.

वरण-भात असा. स्टीलच्या भांड्यात एक वाटी पाणी, त्यात तिवई. भांडं आत बसवल्याशिवाय पाणी ओतायचं नाही, कधीच नाही, खाली वायरिंग आहे. खालच्या डब्यात वाटीभर तूरडाळ, अर्धा तास भिजलेली, अडीच वाटी पाणी, हळद, हिंग. वरच्या डब्यात घोटीचा इंद्रायणी एक वाटी, पाणी दोन वाटी, म्हणजे तुमच्या दातांना मऊ होतो. दहा मिनिटं. मग आपोआप वाफ जिरू द्यायची, झाकणावरची पिन खाली पडली की उघडायचं. वाफ सोडायच्या खटक्याला तुम्ही हातच लावायचा नाही. मी लाकडी उलथन्याने लांबून लावतो तरी एकदम फुस्स करते. उसळीलाही तसंच, मोड आलेली मटकी असेल तर एकच मिनिट, दोन लावलीत तर पिठलं होईल. खिचडीला तांदूळ एक, मूगडाळ अर्धी, पाणी साडेचार, आठ मिनिटं. डाळ-खिचडी अर्ध्या भांड्याच्या वर भरायची नाही, फेस येऊन वरती अडकतो.

फोडणी त्याच्यातच होते, सॉटे लिहिलंय त्या बटणावर, पण मोहरी तडतडायला वेळ घेते, धीर धरा. फोडणी झाली की थोडं पाणी घालून तळ खरवडून घ्या, चिकटलेलं राहिलं तर "बर्न" असं लिहून येतं आणि तो थांबतो. घाबरायचं नाही, लाल ठिपक्याचं बटण दाबायचं. हो, बटणांवर ठिपके आहेत, हिचं नेलपॉलिश. लाल म्हणजे बंद, गुलाबी वरण-भात, जांभळा खिचडी. छोटीने केलेत, एक ठिपका हँडलवरही पडलाय, त्याचा अर्थ काही नाही.

आता आई, तुझ्यासाठी. वरणात काडीचा फरक लागत नाही, शपथ. उसळीत लागतो, काळा मसाला तेलात तसा खमंग होत नाही, तू खाटेवरून नाकानेच ओळखशील. भाकरी, तळण, घाटलेलं पिठलं यातलं त्याला काही जमत नाही, ते तुझंच आहे आणि तुझंच राहणार. मला ताप आला की तू मऊ भात-मेतकूट करायचीस, तूप जरा जास्तच, आणि पहिला घास फुंकून द्यायचीस, दहावीला होतो तरी. छोटी मागच्या महिन्यात आजारी होती तेव्हा तोच भात या कुकरमध्ये केला, पाणी दुप्पट करून. तिने वाटी चाटून पुसून खाल्ली. मीच मग "आजीसारखा नाही झाला" म्हणालो, तर म्हणते, "बाबा, तू फुंकला नाहीस." आता काय बोलणार.

तुझा जुना कुकर टाकायचा नाही, मी तसं म्हणालेलोही नाही. स्वच्छ पुसून, रिंग काढून माळ्यावर. 2015 च्या सिंहस्थात तू दोन कुकर शेजारी शेजारी लावून सकाळपासून पंगती उठवत होतीस, 2027 ला आत्या आणि मंडळी येणारच आहेत, तेव्हा दोन्ही चालतील. तोवर गुडघा नीट करून घे म्हणजे झालं.

अजून थोडं. कुकर फ्रीजशेजारच्या मोठ्या प्लगवर, एक्स्टेंशन बोर्ड नको, हजार वॅटचा आहे. खिडकीकडे सरकवून ठेवा, कपाटाखाली वाफ धरते. गॅसच्या शेगडीवर टेकवायचा नाही, जागा नाही म्हणून सुद्धा नाही. लाईट गेली तर झाकण ओढायचं नाही, पिन पडेपर्यंत ते उघडतही नाही. रिंगा दोन दिल्यात, निळी तिखटाची, पांढरी खिरीची, अदलाबदल केलीत तर खिरीला लसणाचा वास येईल. लावण्याआधी रिंग झाकणात चहूबाजूंनी बसलीये का ते बोट फिरवून बघा. लाईट बिलाची काळजी करू नका, एका वरण-भाताला अर्धा युनिटही जात नाही.

बाबा, कानाच्या डॉक्टरांकडची तारीख पुढे ढकललीत असं ताई म्हणाली. ढकला, पण आईच्या ऑपरेशनच्या आधीची घ्या. आणि मीठ डब्यात नाही, ताटात वरून घ्या, तेही चिमूटभर.

गुरुवारी संध्याकाळी साताला व्हिडिओ कॉल करतो. पहिल्यांदा नुसतं पाणी घालून पाच मिनिटं लावून बघायचंय, झाकण फिरवताना कॅमेरा झाकणाकडे धरा, स्वतःच्या कपाळाकडे नको. आई, तू खुर्चीवर बसून बघायचंस, मध्ये उठून मदत करायची नाही.

तुमचा,
बाळ