मुरमाच्या वाटेवर गट्टू बसवण्याआधी

मा. संपादक यांस,

महोदय,

सार्वजनिक उद्याने, शाळांची आवारे आणि तळ्याकाठच्या फिरण्याच्या वाटा यांवर सरसकट सिमेंटचे गट्टू बसवण्याची पद्धत पडली आहे. माझ्या घराजवळच्या एका उद्यानातील मुरमाची वाट मागील उन्हाळ्यात अशीच उखडण्यात आली, कडुनिंबांच्या बुंध्यांना भिडवून काँक्रीट घालण्यात आले, आणि जे पाणी पूर्वी मुळांशी मुरत असे ते पहिल्याच मोठ्या पावसात फाटकाबाहेर रस्त्यावर वाहून आले. दिल्लीतील झाडांभोवतीचे काँक्रीट एक मीटरपर्यंत काढून टाकण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने 2013 साली दिला होता, तरीही आपल्याकडे हेच चालू आहे याचे फार वाईट वाटते. विचारणा केली तेव्हा मुरमाचा चिखल होतो, एवढेच कारण सांगण्यात आले. चिखल होतो हे खरे. परंतु तो बहुधा मुरूम न पारखता, न चाळता, ट्रॉलीतून ओतून नुसता पसरल्यामुळे होतो.

मुरूम या एकाच शब्दाखाली आपण दोन निराळी द्रव्ये आणतो. राज्याच्या बहुतेक भागातील मुरूम हा काळ्या पाषाणाच्या झिजेतून आलेला असतो आणि त्यात पाण्याने फुगणारी, उन्हाने भेगाळणारी चिकणमाती कमीअधिक असतेच. आमच्या नांदेड जिल्ह्याच्या देगलूरकडील भागात, पूर्व विदर्भात आणि शेजारच्या तेलंगणात मात्र ग्रॅनाइटचा मुरूम मिळतो. ग्रॅनाइट झिजतो तेव्हा त्यातील फेल्डस्पार या खनिजाची माती होते, पण गारगोटीचे कण कठीण आणि टोकदार राहतात. ओल देऊन दाबले की ते एकमेकांत अडकून बसतात आणि बारीक भुकटी मधल्या फटी भरते. अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि ॲरिझोना या राज्यांत बागांमधील वाटांसाठी हाच मुरूम मोठ्या प्रमाणावर वापरला जातो, आणि तो घट्ट राहावा म्हणून त्यात जे नैसर्गिक बंधक मिसळतात त्यांपैकी एक म्हणजे आपल्या ओळखीच्या इसबगोलाची पूड. इसबगोलाचे सर्वाधिक उत्पादन भारतात, मुख्यतः गुजरात आणि राजस्थानात होते, हे येथे मुद्दाम नमूद करतो.

इसबगोल पाण्यात फुगून त्याचा जो बुळबुळीत चीक होतो तोच कणांना धरून ठेवतो, आणि वाट पुन्हा भिजली की पुन्हा चिकट होतो. प्रमाण एक टन मुरमाला साधारण 6 ते 7 किलो. म्हणजे 100 मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि 75 मिलिमीटर जाडीच्या वाटेला सुमारे 22 टन मुरूम आणि दीडशे किलोच्या आसपास पूड लागेल. पूड कोरड्या मुरमातच नीट कालवावी लागते. वरून भुरभुरली तर नुसता पापुद्रा धरतो. खाली खडीचा दाबलेला थर, दोन्ही बाजूंना दगडी कड, दर मीटरला सुमारे 2 सेंटिमीटरचा आडवा उतार, तळापर्यंत पाणी, आणि वरचा ओलावा थोडा ओसरल्यावर रोलर, अशी कामाची रीत आहे. मुठीत दाबलेल्या मुरमाचा लाडू वळला, पण हाताला चिखल लागला नाही, तर ओल योग्य समजावी. घाई केली की रोलरला मुरूम चिकटतो आणि सगळा पृष्ठभाग सोलून निघतो.

मात्र ॲरिझोनातील फिनिक्स शहरात वर्षाला जेमतेम 200 मिलिमीटर पाऊस पडतो, आमच्याकडे त्याच्या कितीतरी पट. म्हणून तेथील अनुभव जसाच्या तसा येथे लागू होईल असा माझा दावा नाही. तीव्र उतारावर, पाणी साचणाऱ्या सखल जागी किंवा कोकणच्या पावसात हा उपाय मी सुचवणार नाही. जेथे मुरूम काळ्या पाषाणाचा आणि मातकट आहे तेथे विरवलेला चुना अधिक उपयोगी, कारण चुन्याची चिकणमातीशी रासायनिक क्रिया होऊन तिचे फुगणे कमी होते. शेणाचे सारवण अंगणाला उत्तम, परंतु ते वरचेवर करावे लागते आणि सार्वजनिक वाटेवर ते कोणी करणार नाही. कोणताही मुरूम घेतला तरी पावसाळ्यानंतर ओघळ बुजवून, पाणी मारून एकदा रोलर फिरवावाच लागेल.

मुरमासाठी टेकड्या पोखरल्या जातात, ही चिंता मलाही आहे. तो परवानगीच्या खाणीतूनच यावा, आणि जवळच्या ग्रॅनाइट क्रशरवर बारीक कच पडून असेल तर आधी ती वापरून पाहावी.

माझी विनंती एवढीच आहे की, पुढील निविदा काढण्यापूर्वी संबंधितांनी एखाद्या उद्यानात 10-10 मीटरचे तीन तुकडे करावेत : एक नुसत्या दाबलेल्या मुरमाचा, एक इसबगोल मिसळलेला आणि एक चुन्याचा. त्यांवरून जूनपासून सप्टेंबरपर्यंत लोकांना चालू द्यावे आणि ऑक्टोबरमध्ये प्रत्येक तुकड्याची स्थिती व दुरुस्तीचा खर्च जाहीर करावा. तोपर्यंत निदान झाडांच्या बुंध्यांभोवती एक मीटरच्या आत गट्टू आणि काँक्रीट घालू नये.

आपला विश्वासू,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता,
जि. नांदेड