जुनी गाडी पन्नाशी गाठणार कशी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात शाहूपुरीतल्या एका निवृत्त शिक्षिका बाईंचा फोन आला. "मिस्त्री, पुण्याहून एक जण आलाय. फियाटचे पावणेतीन लाख देतो म्हणतो. देऊन टाकू का?" बाईंची गाडी म्हणजे १९९६ ची प्रीमियर पद्मिनी. आमच्याकडे तिला अजून सगळे फियाटच म्हणतात. सरांनी, म्हणजे बाईंच्या यजमानांनी, फंडातून पैसे उचलून ती नवी कोरी घेतली होती. सरांना जाऊन आता अकरा वर्षं झाली. अशीच एक फियाट, रंगानं हिच्यापेक्षा उजवी, मी २००६ साली मध्ये पडून अठरा हजारांना विकून दिली होती. घेणाऱ्यानं त्यातही घासाघीस करून दोन हजार कमी करायला लावले होते.

मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात १९७९ पासून गाड्यांची कामं करतो. पंधराव्या वर्षी उस्तादांच्या हाताखाली पाने पुसायला लागलो, तो आजतागायत याच गल्लीत आहे. जुन्या गाड्यांचे भाव वाढले याचा मला आनंद आहे. पण हे भाव बघताना एक गोष्ट रोज खुपते: पन्नाशीच्या आतल्या जुन्या गाडीचं सरकारी शुल्क साध्या मालकाला जड झालंय. हे कुणीतरी छापावं म्हणून हे पत्र लिहितो आहे.

भाव वाढायची कारणं आम्हा मिस्त्री लोकांना ठाऊक आहेत. पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची, ती या शतकाच्या सुरुवातीला बंद झाली. अँबॅसिडर आणि मारुती ८०० दोन्ही २०१४ साली थांबल्या. नवी बनत नाही आणि आहे ती दर पावसाळ्याला कमी होते. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदवलेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर तीही रस्त्यावरून गेली. टॅक्सीवाल्यांच्या संघटनेनं एक तरी गाडी सरकारनं जपून ठेवावी अशी मागणी केली होती, तेवढंच. शिवाय ज्यांचं बालपण वडिलांच्या गाडीच्या मागच्या सीटवर गेलं, ती पोरं आता पन्नाशीत आली आहेत आणि त्यांच्या हातात पैसा आहे. ती माझ्याकडे येतात, दार उघडतात, आधी सीटचा वास घेतात आणि मग किंमत विचारतात. गाडी पहिल्याच मालकाची असली, कागद सरळ असले, पत्रा मूळचा असला तर भाव आणखी चढतो. कागद गेले असतील तर कितीही देखणी गाडी असो, तिला सुट्या भागांचीच किंमत येते.

नव्या गाडीचं उलटं आहे. शोरूमच्या दारातून बाहेर पडली की किंमत उतरायला लागते आणि पाच-सहा वर्षांत निम्म्याच्या खाली जाते. ती वाईट असते असं मी अजिबात म्हणत नाही. माझी नात शाळेत जाते ती नव्या गाडीतून. एअरबॅग, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी सोय), चांगले सीटबेल्ट यांनी माणसं वाचतात हे मी डोळ्यांनी पाहिलंय. फियाटला चारही चाकांना ड्रम ब्रेक, त्यामुळे घाट उतरताना खालच्या गिअरमध्येच उतरायचं, हे मी प्रत्येक नव्या मालकाला बजावून सांगतो. पण नव्या गाडीत एक इलेक्ट्रॉनिक डबा बिघडला की तो उघडून बघायचा नसतो, आख्खा बदलायचा असतो. आणि तो डबा कंपनीनं द्यायचं बंद केलं की गाडी संपली.

याचा अनुभव आम्हाला ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. बाईंच्या बोळात त्यांची फियाट आणि शेजाऱ्यांची दोन वर्षांची मोठी डिझेल गाडी एकाच पाण्यात पाच दिवस उभ्या होत्या. पाणी उतरलं तेव्हा फियाटमध्ये स्टिअरिंगच्या चाकापर्यंत गाळाची रेघ होती आणि मागच्या सीटवर मेलेला मासा होता.

फियाट मी ढकलत रस्त्यावर आणली आणि तिथून ट्रॅक्टरनं ओढून शेडमध्ये. बॅटरी काढली. इंजिनाखालच्या ऑइलच्या चेंबरचा नट सोडला तर आधी पाणीच आलं, मग दुधाळ झालेलं ऑइल. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचंही तसंच. प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये डिझेल सोडलं, रात्रभर मुरू दिलं आणि सकाळी फॅनला धरून इंजिन हातानं फिरवलं. पहिल्यांदा हललंच नाही. दुसऱ्या दिवशी बोटभर हललं आणि तिसऱ्या दिवशी पूर्ण फेरा घेतला. स्टार्टर उघडून बल्बच्या उबेला वाळवला. पेट्रोलची टाकी खाली उतरवून धुतली, कार्बोरेटरची जेटं एकेक करून हवा मारून साफ केली, ब्रेकचे ड्रम उघडून गाळ खरवडला. सीटा पोरांनी गच्चीवर उन्हाला घातल्या. नवव्या दिवशी गाडी आपल्या इंजिनावर चालत बाईंच्या दारात गेली. बाई पदर डोळ्याला लावून उभ्या होत्या.

शेजाऱ्यांची गाडी सर्व्हिस सेंटरला गेली. वायरिंग, डबे, सेन्सर, स्क्रीन, सगळ्यांची यादी निघाली. दुरुस्तीचा खर्च विम्यात ठरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी टोटल लॉस धरतात, तशी ती धरली. विमा मिळाला, त्यांचं फार नुकसान झालं नाही. पण दोन वर्षांची, चार लाख किलोमीटर पळू शकणारी गाडी भंगारात गेली.

आता मूळ दुखण्याकडे येतो.

केंद्र सरकारनं २०२१ साली जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असेल तर तिला 'व्हीए' मालिकेतला नंबर मिळतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुढे पुन्हा नोंदणीला ५,००० रुपये, आणि मुदत दहा वर्षांची. रोजच्या वापराला ती काढायची नाही, प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला काढायची. नियम चांगला आहे. आमच्या शाही दसऱ्याला छत्रपतींच्या घराण्याची मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा लहान पोरं बापाच्या खांद्यावर बसून ती बघतात, आणि अशा गाड्यांना मान मिळायलाच हवा.

पण पन्नास वर्षांच्या आतल्या गाडीचं काय? बाईंच्या गाडीची नोंदणी २०२१ साली पुढे वाढवली तेव्हा शुल्क होतं ६०० रुपये. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीला ५,००० झाले. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला १०,००० झाले. वर पर्यावरण कर वेगळा. आणि एवढं भरून मुदत मिळते पाच वर्षांची. म्हणजे 'व्हीए' मालिकेतल्या गाडीला पुन्हा नोंदणीच्या वेळी दहा वर्षांसाठी ५,००० आणि ३० वर्षांच्या गाडीला पाच वर्षांसाठी १०,०००. वर्षाचा हिशोब केला तर बाई चौपट भरतात. आणि तीच गाडी त्यांनी मोडीत काढली, तर नव्या गाडीच्या करात त्यांना सवलत मिळते!

पन्नास वर्षांची गाडी आभाळातून पडत नाही. तिला आधी तीस, पस्तीस, चाळीस वर्षं काढावी लागतात. पद्मिनी हे नाव १९७४ च्या सुमारास आलं, म्हणजे अगदी सुरुवातीच्या पद्मिनी आत्ता कुठे त्या मानाच्या रांगेत पोचल्या. नव्वदच्या दशकातली पद्मिनी, कॉन्टेसा, ११८ एनई, पहिली सिएरा, यांना अजून पंधरा-वीस वर्षं आहेत. ती वर्षं निघाली नाहीत तर पुढं त्या मालिकेत नंबर द्यायला आपल्या इथली, आपल्या माणसांनी वापरलेली गाडी उरणार नाही. ज्यांच्याकडे मोठी शेड आणि पैसा आहे ते दहा हजार हसत भरतील. पेन्शनवरची बाई विकून टाकते. ती गाडी पुढं जाते कुठं, तेही मी पाहतो. तिचे दरवाजे एका गाडीला, इंजिन दुसरीला, आणि पत्रा वजनावर. तीन गाड्या तोडून एक चकचकीत होते आणि तिचा भाव वर्तमानपत्रात येतो.

यात माझे स्वतःचे हातही स्वच्छ नाहीत. २००९ ते २०१२ या काळात मी नऊ फियाट भंगारवाल्याला दिल्या. साधारण नऊशे किलोची गाडी, किलोवर भाव. त्यातली एक माझ्या उस्तादांची होती. त्यांच्या मुलाला जागा रिकामी हवी होती, मलाही शेडला पैसे हवे होते. तिच्या डॅशबोर्डवर उस्तादांनी चिकटवलेला जोतिबाचा छोटा पत्र्याचा फोटो होता, तोसुद्धा काढून घ्यायचं मला सुचलं नाही. ते अजून आठवतं.

जर्मनीत तीस वर्षांची गाडी मूळ रूपात, चांगल्या अवस्थेत असेल तर तपासणी करून तिच्या नंबराच्या शेवटी 'एच' अक्षर देतात आणि तिला ठरावीक एकरकमी कर लावतात. माझ्या एका गिऱ्हाइकाचा मुलगा श्टुटगार्टला नोकरीला आहे, त्यानं तसल्या नंबरांचे फोटो पाठवले होते. राजेरजवाड्यांच्या मोटारी त्यात नव्हत्या. साध्या घरगुती गाड्या, मागच्या काचेत पोरांची खेळणी. आपल्याकडे हे का होऊ नये? पंचवीस किंवा तीस वर्षांनंतर आरटीओत गाडी उभी करा. ब्रेक बघा, धूर बघा, लाइट बघा, चासी नंबर बघा. पास झाली तर वर्षाला ठरावीक किलोमीटरच्या अटीवर कमी शुल्कात राहू द्या. नापास झाली तर मी स्वतः तिला रस्त्यावर येऊ देणार नाही. धूर ओकणारी गाडी मला कुणापेक्षाही जास्त डाचते, कारण ती कुठल्यातरी मिस्त्रीनं नीट न केलेली असते.

आणि हे करताना हातातलं कामही जपायला हवं. फियाटचं पुढचं चाक ज्या पिनेवर वळतं ती किंगपिन. तिच्याभोवतीचा बुश आता बाजारात धड मिळत नाही. आम्ही गनमेटलचा रॉड लेथला लावून बुश काढतो, प्रेसनं जागेवर बसवतो, मग हातानं रीमर, म्हणजे भोक आतून मापात कापणारं हत्यार, फिरवून आतून घेतो. पाव फेरा, बाहेर काढून पुसायचा, परत पाव फेरा. रीमर उलटा फिरवायचा नाही, उलटा फिरवला की धार जाते. शेवटी तेलाचा थेंब लावून पिन घालायची. अंगठ्यानं दाबली तर सरकली पाहिजे, आणि हात काढला तर स्वतःच्या वजनानं खाली पडता कामा नये. हे शिकायला मला दोन वर्षं लागली. आज उद्यमनगरात हे नीट करणारे आम्ही मोजून चार जण आहोत आणि आमच्यात सर्वांत लहान मीच, बासष्ट वर्षांचा. पत्रा ठोकून मूळ गोलाई आणणाऱ्यांचंही तेच. आयटीआयच्या पोरांना स्कॅनर लावायला जरूर शिकवा, पण आठवड्यातून एक दिवस कार्बोरेटर आणि रीमरही हातात द्या. या कामाला आज पैसा आहे, म्हणून तर पावणेतीन लाख द्यायला माणसं पुण्याहून येतात.

पेट्रोलबद्दलही एक विनंती. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. ते आमच्या उसापासूनही होतं, शेतकऱ्याच्या घरात त्याचा पैसा येतो, म्हणून त्याला विरोध नाही. पण गेल्या वर्षभरात मी जुन्या गाड्यांच्या इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या छोट्या पंपाचे पडदे आणि रबरी नळ्या फुगून गेलेल्या बऱ्याच बदलल्या. जिल्ह्यात एखाद्या तरी पंपावर कमी इथेनॉलचं साधं पेट्रोल रास्त भावात मिळालं तर या गाड्यांची सोय होईल.

बाईंच्या गाडीची मुदत येत्या १९ जुलैला संपते. पुण्याच्या माणसाला मी सध्या थांबा म्हणून सांगितलंय. बाई म्हणतात, दहा हजार भरावेत तर घराचं छत गळतंय, ते आधी. तोवर गाडी माझ्या शेडमध्ये आहे. चाकं ठोकळ्यांवर घेतली आहेत, बॅटरी काढून ठेवली आहे, आणि दर रविवारी बाई येऊन आतून पुसून जातात.

आपला,
एक फियाट मिस्त्री,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर