धाकटीला पळू दे

नाशिक,
रविवार रात्र

प्रिय भावड्या,

परवा फोनवर तू म्हणालास, धाकटी विद्यापीठाच्या संघात निवडली गेली आणि घरात कुणी धड जेवलं नाही. एस.वाय. बी.एस्सी.चं वर्ष घालवून पळायचं काय, असं अण्णांचं म्हणणं. तेव्हा मला नीट बोलता आलं नाही, म्हणून आज बसून लिहितोय.

अण्णांची भीती खोटी नाही. ती मी तीन वर्षं अंगावर काढली आहे. पावणेपाचला उठून सायकलने गोल्फ क्लबच्या ग्राउंडवर जायचं, अडीच तास घाम गाळायचा आणि साडेनऊला लॅबमध्ये हजर. केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल उभ्यानेच चालतं. एकदा सकाळी चारशे मीटरचे बारा रिपीट मारून गेलो होतो. टायट्रेशन चाललेलं, ब्युरेटचा नळ थेंबाथेंबावर आणलेला, फ्लास्कमध्ये फिकट गुलाबी छटा यायच्या बेतात, आणि पोटरीत गोळा आला. हात हलला, धार सुटली, सगळं गडद गुलाबी. रीडिंग वाया. शेजारच्या मुलीने काही न बोलता तिचं स्टूल माझ्याकडे सरकवलं. ते स्टूल मी अजून विसरलेलो नाही.

हजेरीची ७५ टक्क्यांची अट तुला माहीत आहे. स्पर्धेला गेलो तर पत्रावर हजेरी धरतात. पण बुडालेलं लेक्चर काही पत्राने परत येत नाही, आणि प्रवासातून आल्यावर दोन दिवस डोक्यात काही शिरत नाही, ते तर कुठल्याच रजिस्टरमध्ये बसत नाही. माझ्या शेवटच्या वर्षी आंतरविद्यापीठ स्पर्धा आणि परीक्षा एकाच आठवड्यात आल्या. मी पळायला गेलो. परत आल्यावर ‘नियमात बसत नाही’ एवढंच उत्तर मिळालं आणि एका विषयाचा बॅकलॉग लागला. तो विषय मला येत होता, भावड्या! राग अजून गेलेला नाही. दोष पळण्याचा नव्हता, अभ्यासाचाही नव्हता. स्पर्धेच्या तारखा एकांनी आखलेल्या, परीक्षेच्या दुसऱ्यांनी, आणि आखणाऱ्यांनी एकमेकांशी बोलायचं ते बोलले नाहीत.

अमेरिकेत कॉलेजच्या खेळाडूंना हंगामात आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त सक्तीचा सराव देता येत नाही आणि एक दिवस सुट्टी द्यावीच लागते. आपला हिशेब बघ: सकाळी अडीच तास, संध्याकाळी दोन, सहा दिवस. झाले २७. मोजायला कुणी बसलेलंच नसतं.

तरीही तिला थांबवू नकोस. २०१० साली सावरपाड्याच्या कविता राऊतने दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरचं कांस्य आणलं, तेव्हा आपण दोघांनी शाळेच्या मैदानात पंचवीस फेऱ्या मारायच्या ठरवल्या होत्या, आठवतंय? आणि आपल्या जिल्ह्याच्या संजीवनी जाधवने २०१७ मध्ये तैपेईत जागतिक विद्यापीठ स्पर्धेत त्याच अंतराचं रौप्य मिळवलं. ती स्पर्धा विद्यार्थ्यांचीच असते. कॉलेज सुटलं की फार तर वर्षभरात तो दरवाजा बंद. डिग्री पुढेही घेता येते, विसाव्या वर्षीचे पाय पुढे मिळत नाहीत. आणि अण्णांना नोकरीचीच काळजी असेल तर राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, हेही त्यांच्या कानावर घाल.

तिला एवढं मात्र करायला लाव. वर्ष सुरू होतानाच स्पर्धांच्या तारखा घेऊन प्रत्येक मॅडमना, सरांना स्वतः भेटायचं. जिमखान्याच्या सरांवर सोडायचं नाही. मी आधी भेटलो त्या सरांनी माझं प्रॅक्टिकल दुसऱ्या बॅचमध्ये घेतलं. नंतर भेटलो त्यांनी नियम दाखवला. परीक्षेच्या पंधरवड्यात लांब पळणं अर्ध्यावर आणायचं, पूर्ण बंद नाही. झोप तोडून अभ्यास करायचा नाही, त्याने दोन्ही जातं. आणि हे काकूंना सांग: लांब पळणाऱ्या मुलींचं लोह झपाट्याने कमी होतं. हिमोग्लोबिन तपासून घ्या. पाळी चुकायला लागली तर सराव चांगला चाललाय असं समजू नका. बहुतेक वेळा खाणं पुरत नसतं. लगेच डॉक्टरांकडे न्या. वजनाच्या नादात तिने भाकरी तोडलेली मला चालणार नाही.

येत्या रविवारी पहिल्या एसटीने तिला घेऊन ये, अण्णांनाही आण. तिला ग्राउंडवर पळताना त्यांनी एकदाही पाहिलेलं नाही ना? मी घड्याळ घेऊन उभा राहतो. मग मिसळ खाऊ. माझं ऑरगॅनिकचं जर्नल तिच्यासाठी काढून ठेवलंय. रेल्वेत साइड बर्थवर बसून भरलेलं आहे, अक्षर हललंय, पण रिॲक्शन सगळ्या बरोबर आहेत.

तुझाच,
जोडीदार