चावी तुमच्याजवळच आहे

शाहूपुरी, कोल्हापूर
रविवार, रात्री

ती. आई, ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोन असताना पत्र कशाला, असं आई म्हणणारच. पण तिकडं पुण्याला दादाकडं तुम्ही फोनचा स्पीकर लावता, मध्येच दादा दुसरं काहीतरी विचारतो, मग बाबा "बरं, ठेवतो" म्हणतात आणि माझं सांगायचं राहून जातं. असे तीन रविवार गेले. म्हणून लिहिते.

घर नीट आहे. तुळस जगली. बाथरूममध्ये कमोडच्या दोन्ही बाजूंना स्टीलचे दांडे बसवलेत. उद्यमनगरातून वाकवून आणले, बाजारातल्यासारखे डुगडुगत नाहीत, मी स्वतः लोंबकळून बघितलं. आईचा पलंग चार इंच उंच करून घेतलाय, म्हणजे नव्या गुडघ्यावर जोर न देता उठता येईल. दूध गंगावेशीतून आणते. साय खायला कुणी नाही, त्यामुळं लोणी साठतंय.

आता बाबा, तुम्ही जरा बसून वाचा. मी आपल्या एमजीचा डॅशबोर्ड खोलला.

"मी येईपर्यंत पुसण्यापलीकडं गाडीला हात लावायचा नाही," असं तुम्ही निघताना म्हणाला होतात आणि मी हो म्हटलं होतं. खोटं नव्हतं म्हटलं. पण झालं असं की, बॅटरी फार दिवस पडून खराब होईल म्हणून चार्ज करून बॉनेटखालच्या पेटीत परत जोडली. सगळे स्विच बंद. चावी नाहीच (तिच्यावर शेवटी बोलू). आणि मिनिटभरात फळीमागून धूर. बॅटरीचं टर्मिनल कसं उपटलं ते मलाच माहीत. हाताला काही झालेलं नाही, आई. खरंच नाही.

करंट दाखवणाऱ्या अँमीटरकडं जाणारी तपकिरी तार होती ती. ती बॅटरीवरून सरळ येते, चावीच्या आधी, फ्यूजच्याही आधी. गाडी बंद असो की चालू, तिच्यात करंट असतोच. वरची सुताची वेणी कुजलेली, आतलं रबर चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं, आणि तार पट्टीच्या कडेला घासत आलेली. ही विलायती एमजी टीडी १९५१ ची, फ्यूज सगळे मिळून दोन. चाकणला मी ज्या गाड्यांच्या हार्नेसचे, म्हणजे तारांच्या जुडग्याचे, नकाशे काढायचे, त्यांतल्या फ्यूजबॉक्सचा नकाशा वाचायलाच अर्धा दिवस जायचा. इथं दोन, आणि ते दोन्ही त्या तपकिरी तारेच्या पुढं. मग तिला वाचवणार कोण?

तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही. महापुरात २०१९ ला पाणी सीटच्या वर आलं होतं, त्यानंतर तुम्ही एकट्यानं टॉर्च तोंडात धरून ती परत चालू केलीत. दुकानं सुद्धा उघडली नव्हती तेव्हा. मिळेल ती तार जोडलीत, आणि तरी गाडी पुढची दोन वर्षं दसरा चौकापर्यंत जाऊन आली. फक्त त्या सगळ्या तारा लाल आहेत, बाबा. हॉर्न लाल, हेडलाइट लाल, वायपर लाल. एक तर टेबलफॅनची आहे, मी ओळखली. मला तुमच्यासारखं अंधारात बोटानं कळत नाही कुठली कुठं जाते.

म्हणून दुरुस्ती न करता अख्खी वायरिंगच बाहेर काढली. कापली नाही. प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधून, नंबर घालून, हॉलमध्ये आईच्या मोरांच्या चादरीवर (आई, जी तू बोहारणीला देणारच होतीस) पसरली. कुठून किती इंचांवर फाटा फुटतो ते चादरीवरच खडूनं काढलं. मग त्यावर नवीन तारा ओढल्या, मूळ रंगांप्रमाणं: बॅटरीची तपकिरी, चावीनंतरची पांढरी, फ्यूजनंतरची हिरवी, हेडलाइटची निळी, साइड आणि पॅनेलच्या दिव्यांची लाल, अर्थची काळी. आठ दिवस जेवायला मी स्वयंपाकघरात बसत होते, कारण हॉल तारांनी भरलेला.

तुमची वायरिंग फेकलेली नाही. गुंडाळून, नॅप्थलीनच्या गोळ्या घालून, माळ्यावर आजोबांच्या ट्रंकेत ठेवलीय. त्यातले काही जोड सोडवायला माझा जीव झाला नाही. आईच्या शिलाई मशीनच्या जांभळ्या दोऱ्यानं बांधलेले आहेत ते, वर मेण. काय बांधलेत! फॅक्टरीत असं बांधणारा माणूस मी नऊ वर्षांत बघितला नाही.

पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला, तसाच ठेवलाय. तुम्हाला वाटलं असेल, पोरगी शिकलेली, उलटा करून टाकणार. नाही केला. फक्त दादाला सांगा, त्याच्या त्या बाहेरून लावायच्या चार्जरचं कौतुक या गाडीत नको, एका क्षणात जळेल. आणि अर्थच्या तारा मागच्या दिव्यांपर्यंत वेगळ्या ओढल्यात. बॉडीच्या आत लाकडाचा सांगाडा, वर रंगाचे थरावर थर, त्यातून करंट परत यायचा कसा? म्हणून मागचे दिवे कायम उदबत्तीसारखे दिसायचे. तुम्ही बल्ब बदलत राहिलात. बल्ब चांगलेच होते.

सीटचं काम लक्ष्मीपुरीतल्या आपल्या कुशनवाल्या चाचांकडं दिलं. "साहेब कसे आहेत" हे आधी, मापं नंतर. मला हौस होती की कोल्हापुरात कोल्हापुरी चपलेचं कातडं लावावं. चाचांनी एकदाच माझ्याकडं बघितलं. ते कातडं जाड, ताठ, पायाखाली झिजायला केलेलं. शिवणीच्या बारीक घड्या त्याला पडत नाहीत. मऊ कातडं मागवलं, तांबडंच, पायपिंगसकट. आतला काथ्या पुराच्या गाळानं विटेसारखा झाला होता. सीट उचलल्यावर खाली सापडलं: पंचवीस पैशांचं एक नाणं, माझी फुलपाखराची क्लिप, आणि मागच्या खाचेत तुमची पेट्रोल मोजायची काठी. ब्लेडच्या खुणांसकट.

ती काठी धरून मी पायरीवर बसून राहिले. या गाडीला पेट्रोलचा काटा नाही, संपत आलं की हिरवा दिवा लागतो. आणि आमच्या गाडीत तो दिवा माझ्या जन्माआधीच गेलेला! पन्हाळ्याला जाताना वाघबिळाला हटकून थांबायचं, तुम्ही काठी बुडवायची, मी वास घ्यायचा, आई म्हणायची, पोरीला कसले वास घ्यायला लावताय. मग बॉनेट उघडायचं. "टॉर्च तारेवर धर, माझ्या तोंडावर नको." मी म्हणायची, "धरलोय की!" पुण्यात नऊ वर्षं कटाक्षानं "मी आले, मी गेले" करत होते. इथं येऊन चौथ्या दिवशी उद्यमनगरात लेथवाल्याला म्हणाले, "आलो मी, घड्याळाची रिंग झाली काय?" तो हसला सुद्धा नाही.

हिरवा दिवा आता लागतो. वायरिंगचाच दोष होता.

आता हे आईसाठी. मी रजेवर नाही. राजीनामा दिलाय, गेल्या महिन्यात. रागावून नाही, कुणी काढलं नाही, भांडण नाही, तब्येत उत्तम. नऊ वर्षं मी तारांचे नकाशे काढले आणि त्यातली एकही तार माझ्या हाताला लागली नाही. वर्ष-दीड वर्ष निघेल एवढे पैसे बाजूला आहेत. फ्लॅट भाड्याचाच होता, सोडला. एका जीपची आणि एका जुन्या फियाटची वायरिंग विचारायला माणसं घरी येऊन गेलीत, आणि गाडी "कुणाकडनं करून घेतली" असं विचारल्यावर मी म्हणाले "मी केलीय", तर कुणी उठून गेलं नाही. म्हणजे, एक गेला. पण एकच.

तुमच्यासाठी नोकरी सोडली असं मनाला लावून घेऊ नका. माझ्यासाठीच सोडली. पण अगदीच तसंही नाही. त्या पुरात शिरोलीला हायवे बंद होता, मी साताऱ्यापर्यंत येऊन परत फिरले. तुम्ही दोघं माडीवर, खाली गाडी पाण्यात, आणि बाबा फोनवर सांगताहेत, "काही नाही, उतरतंय पाणी." मी परतीच्या एसटीत बसून "बरं" म्हटलं. ते "बरं" मला अजून आवडत नाही.

दादा-वहिनी तुमचं मनापासून करतात, हे मला माहीत आहे. हवं तेवढं राहा. पण परत यायचं तर घर तयार आहे एवढंच. पावसाळ्यात झोपायचं मात्र वर, आणि पाण्याची बातमी आली की गाडी मामाकडं कळंब्याला. त्यावर चर्चा नाही.

आईनं गुडघ्याचा व्यायाम तीनदा करायचा, दोनदा करून तीनदा सांगायचं नाही. वहिनीला मी विचारते. बाबांनी बीपीची गोळी सकाळीच घ्यायची, लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही, आणि यापुढं डॅशखाली पाठीवर आडवं व्हायचं नाही. सगळे जोड मी खुर्चीवर बसून हात पोचतील असे आणलेत. गाडी चालवायचीच नाही, असं मी म्हणत नाही. डॉक्टर हो म्हणेपर्यंत शेजारी बसा. पहाटे रंकाळ्याला एक फेरी मारू. गिअर मी टाकीन, चुकला की शिव्या तुम्ही घाला.

काल रात्री बॅटरी जोडली. सरळ नाही, मध्ये २१ वॅटचा एक बल्ब घालून. कुठं शॉर्ट असेल तर तारेऐवजी तो बल्ब पेटतो. बल्ब काळाच राहिला. पाच मिनिटं त्याच्याकडं बघत बसले, मग बल्ब काढून दिवे लावले. साइड, टेल, पॅनेल. स्पीडोमीटरच्या काचेत आतून पुराच्या पाण्याची रेघ आहे, ती मी पुसली नाही.

इंजिन चालू केलेलं नाही. तपकिरी आणि पांढऱ्या टोकांना एक तुकडा लावला की चावीशिवाय इग्निशन मिळतं, तुम्हीच शिकवलंय. तुकडा हातात होता. लावला नाही. चावी दाढीच्या डब्यातून पुण्याला गेली, हे मला तुम्ही गेलात त्याच संध्याकाळी कळलं होतं.

पुढच्या शनिवारी दादा येतोय. त्याच्याकडं द्या. नाहीतर राहू दे, तुम्हीच घेऊन या. सकाळी ऊन व्हायच्या आत निघा, कराडला थांबून आईला पाय मोकळे करू द्या.

तुमची,
ठमी

ता. क. बाबा, एका फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली होती. तुम्ही २००४ ला सोडलीत ना? चांदी तर बरीच ताजी दिसतेय. आई, तू ही ओळ वाचलेली नाहीस.